शक्तिमान कुठल्या रकान्यात? विज्ञानपट आणि अद्भुतपट नक्की कशाने वेगळे होतात?

अबोली | सोमवार, सकाळी ७.१५

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी मी मुलांना सिनेमा दाखवते. प्रोजेक्टर भावाचा, पडदा म्हणजे घरातली पांढरी चादर, मुलं पंचवीस-तीस. काल सिनेमा संपल्यावर फळ्यावर दोन रकाने आखले, एक 'विज्ञान' आणि एक 'अद्भुत'. पाहिलेल्या सिनेमा-मालिकांची नावं चिठ्ठीवर लिहून योग्य रकान्यात चिकटवायची, एवढाच खेळ. दहा मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं. सव्वा तास भांडण चाललं. 'स्टार वॉर्स'ची चिठ्ठी तीनदा इकडून तिकडे गेली. 'कोई मिल गया'ची चिठ्ठी ओढाओढीत फाटली. शक्तिमानवरून (ही मुलं तो यूट्यूबवर बघतात) दोन भाऊ रुसून घरी गेले.

शेवटी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, यान असलं की विज्ञान आणि घोडा असला की अद्भुत, इतकंच ना?" उशीर झाला होता, मी "हो" म्हटलं. घरी आल्यापासून ते "हो" टोचतंय. इतकंच नाही, हे मला कळतं. पण मग काय, ते मुलांना समजेल असं सांगता येत नाही. पुढच्या रविवारच्या आत मला चांगलं उत्तर हवंय. तुमचे अनुभव, उदाहरणं, मतं सगळं लिहा.

निपाणीकर | सोमवार, सकाळी ८.०२

सोपं आहे ताई. जे घडणं शक्य आहे ते विज्ञान, जे कधीच शक्य नाही ते अद्भुत. रोबो शक्य, राक्षस अशक्य.

राजहंस | सोमवार, सकाळी ९.४०

निपाणीकर, ही फूटपट्टी पहिल्याच मापाला मोडते. १९९३ सालचा 'ज्युरासिक पार्क' घ्या. अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकात, अडकलेल्या डासाच्या पोटातलं रक्त, त्यातून डायनोसॉरचा डीएनए, त्यातून जिवंत प्राणी. तेव्हा हे अगदी शक्यतेच्या उंबऱ्यावरचं वाटायचं. मग २०१२ साली मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरचं संशोधन आलं. साधारण १३ अंश तापमानात हाडातल्या डीएनएचे दुवे दर ५२१ वर्षांनी निम्मे तुटतात, असं त्यातून निघालं. डायनोसॉर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे वाचण्याजोगं काही उरण्याची आशा नाही.

मग तो सिनेमा २०१२ पर्यंत विज्ञानपट होता आणि त्यानंतर अद्भुतपट झाला का? सिनेमातली एक चौकट बदलली नाही. शक्य-अशक्यावर ठरवायचं तर दर दहा वर्षांनी अबोलीताईंना फळा पुसावा लागेल.

घटप्रभा | सोमवार, सकाळी ९.५५

आणि आमच्या उपेंद्रला विसरू नका. २००२ च्या कन्नड 'हॉलिवूड'मध्ये त्याने तिहेरी भूमिकेत यंत्रमानवही केला होता, रजनीकांतच्या 'रोबो'च्या आठ वर्षं आधी. गोकाकात मित्रांबरोबर बघितला होता, अर्धे कन्नडिग, अर्धे मराठी, शिट्ट्या सगळ्यांच्या सारख्या.

टिळकवाडीकर | सोमवार, सकाळी ११.२०

राजहंस यांचं म्हणणं पटलं. हा वाद सिनेमापेक्षा जुना आहे. १८६५ साली ज्यूल व्हर्नने आपली माणसं तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे पाठवली. १९०१ साली एच. जी. वेल्सने गुरुत्वाकर्षण अडवणारा एक धातू कल्पिला आणि त्याच्या जोरावर आपली माणसं चंद्रावर उतरवली. म्हातारा व्हर्न उखडला. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा नुसतं रचून सांगतो, तो धातू मला दाखवा, अशी त्याची तक्रार होती.

आता गंमत बघा. व्हर्नच्या तोफेतून सुटताना बसणारा धक्का इतका प्रचंड असता की आतल्या प्रवाशांचा पहिल्याच क्षणी चेंदामेंदा झाला असता. म्हणजे अशक्य दोघांचंही. तरी आज दोघांनाही आपण विज्ञानकथेचे मूळपुरुष मानतो.

सिनेमात फ्रान्सच्या मेलिएसने १९०२ साली तीच तोफ उचलली. पण त्याच्या चंद्रावर भलीमोठी भूछत्रं उगवतात आणि छत्रीचा फटका बसला की चंद्रवासी धूर होऊन उडून जातात. त्याला प्रवासाचं शास्त्र सांगायचंच नव्हतं. तो मुळात जादूगार, त्याला खेळ दाखवायचा होता. उलट १९२९ साली जर्मनीत फ्रिट्झ लांगने चंद्रप्रवासाचा मूकपट काढला तेव्हा सल्लागार म्हणून हेर्मान ओबेर्थ हा अग्निबाणांचा अभ्यासक घेतला. टप्प्याटप्प्याने गळून पडणारा अग्निबाण त्यात आहे, आणि उड्डाणाआधीची उलटी मोजणी लोकांच्या मनात बसली ती त्याच चित्रपटामुळे. चंद्र तोच, पण दोन चित्रपटांचा स्वभाव पूर्ण वेगळा. हा स्वभाव कशात असतो ते शोधायला हवं, यानात आणि घोड्यात तो नाही.

व्हर्नची गोडी मला भा. रा. भागवतांच्या अनुवादांनी लावली. वाचनालयातली ती पुस्तकं परत करायला जीव होत नसे.

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९.३०

दिवसभर वाचूलालोय, लिहायला आत्ता वेळ मिळाला. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, एकवीस वर्षं झाली. लोखंडाचं सांगतो.

'टर्मिनेटर'चा दुसरा भाग, १९९१ चा. शेवट पोलादाच्या कारखान्यात आहे. तो पातळ धातूचा खलनायक वितळलेल्या पोलादात पडतो, तडफडतो आणि विरघळतो. मग आपला यंत्रमानव साखळीला धरून त्याच रसात उतरतो. आमच्या शिफ्टमधली पोरं हा सीन लागला की ओरडतात. एकतर वितळलेल्या धातूच्या इतक्या जवळ ती मायलेकरं नुसत्या कपड्यांवर उभी राहूच शकत नाहीत, चेहरा भाजून निघेल. आमचं लोखंड १३५०-१४०० अंशाला ओततो, तेव्हा चार हातांवरसुद्धा पापण्या कोरड्या पडतात. दुसरं, त्या रसात वस्तू अशी शांत बुडत नाही. लोखंडाचा रस पाण्याच्या सातपट जड. माणसाच्या अंगासारखं हलकं काही पडलं तर ते वरच राहील, जशी आमची मळी (रसावरची घाण) वर तरंगते आणि आम्ही ती दांड्याने ओढून काढतो. यंत्रमानव भरीव असला तर जाईल खाली, एवढं मान्य.

पण मी त्या सिनेमाला विज्ञानपटच म्हणणार. का ते सांगतो. त्या पातळ माणसावर नायट्रोजनचा टँकर फुटतो, तो गोठतो, गोळीने त्याचे तुकडे होतात. सगळ्यांना वाटतं संपला. पण शेजारी भट्ट्या चालू आहेत. ऊब लागते, तुकड्यांचे थेंब होतात, थेंब एकमेकांकडे सरकतात आणि तो परत उभा राहतो. गार झाला की घट्ट, गरम झाला की पातळ, जास्त गरम झाला की खलास. धातू धातूसारखाच वागतो. तो वाईट आहे म्हणून वितळत नाही, तापमान वाढलं म्हणून वितळतो. आपला यंत्रमानव भला आहे, तरी त्यालाही पोलाद सोडत नाही.

आमच्याकडे लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, आधी भाजून कोरडी करतात. ओल राहिली आणि त्यावर रस पडला तर पाण्याची एकदम वाफ होते आणि धातू उसळतो. नवीन असताना माझ्या डाव्या मनगटावर असाच थेंब आला, खूण अजून आहे. खंडेनवमीला आम्ही भट्टीची पूजा करतो, हार घालतो, नारळ फोडतो, मी स्वतः पुढे असतो. पण दुसऱ्या दिवशी लॅडल भाजल्याशिवाय कोणी ओतत नाही. पूजा आपल्या मनाला असते. लोखंडाला ओल तेवढी कळते.

घटप्रभा | सोमवार, रात्री ९.५२

मामा, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावणार.

खानापूरची_सून | मंगळवार, दुपारी २.१०

भट्टीवाले मामांच्या लॅडलने माझं काम सोपं केलं. कालपासून जे मनात घोळत होतं ते आता लिहिता येतंय.

मला वाटतं प्रश्न असा विचारावा: या गोष्टीतलं जग ऐकतं का? विज्ञानकथेतलं जग बहिरं असतं. तिथे तुम्ही रडा, हात जोडा, पुण्यवान असा नाहीतर पापी, नियम बदलत नाही. नियम खोटा असला तरी चालेल, लेखकाने मनाने रचलेला असला तरी चालेल, फक्त तो माणूस बघून वागत नाही. अद्भुतकथेतलं जग ऐकतं. शाप दिला की लागतो, वर मागितला की मिळतो, घेतलेली शपथ मोडली की आभाळ कोसळतं. तलवार योग्य वारसाच्याच हातात चमकते. तिथे शब्दाला, रक्ताला, लायकीला वजन असतं.

'इंटरस्टेलर' (२०१४) बघा. त्या पाण्याच्या ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. किप थॉर्न हे सापेक्षतेचे मोठे अभ्यासक त्या चित्रपटाचे सल्लागार होते, पुढे २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. बाप उशिरा यानात परततो तेव्हा २३ वर्षं निघून गेलेली असतात आणि तो बसून मुलांचे साठलेले निरोप बघतो. मुलगा डोळ्यांसमोर मोठा होतो, त्याचं लग्न होतं. बाप किती चांगला आहे, त्याचा किती जीव आहे, याचं त्या ग्रहाला काही देणंघेणं नाही. मला तिथे रडू येतं ते म्हणूनच. सासूबाईंनी माझ्याबरोबर हिंदीत बघितला. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणीच ते, त्याला काय कळणार."

आणि 'स्टार वॉर्स', १९७७ चा पहिला. यानं आहेत, लेझर आहेत, रोबो आहेत. पण शेवटच्या हल्ल्यात ल्यूक काय करतो? नेम धरणारा संगणक बंद करतो. डोळ्यांपुढचं यंत्र बाजूला सारतो आणि 'फोर्स'वर, त्या जगातल्या अदृश्य शक्तीवर, विसंबतो, आणि नेम लागतो. त्या जगाने त्याचं ऐकलं. माझ्या मते हा अद्भुतपट आहे, अवकाशात घडणारा. १९९९ च्या भागात त्यांनी फोर्सला पेशींमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचं कारण चिकटवलं, मोजणीसुद्धा दिली. कित्येक जुने चाहते त्यावर चिडले. बरोबरच चिडले. आशीर्वादाची रक्ततपासणी करून काय मिळणार?

राजहंस | मंगळवार, दुपारी ३.०५

सूनबाई, फार सुंदर मांडलंत. पण तुमच्याच 'इंटरस्टेलर'चा शेवट? बाप कृष्णविवरात पडतो आणि थेट मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो. प्रेमानेच वाट दाखवली, असं पात्रं बोलूनही दाखवतात. तिथे जग ऐकायला लागलं ना?

खानापूरची_सून | मंगळवार, दुपारी ३.४०

मलाही तिथे खटकतं. पण चित्रपट सांगतो की ती जागा भविष्यातल्या माणसांनी बांधली. म्हणजे जगाला कान फुटले नाहीत, माणसांनी ऐकणारी खोली बांधली. तरी शेवटची पंधरा मिनिटं उंबऱ्यावर उभी आहेत हे मान्य.

निपाणीकर | मंगळवार, सायंकाळी ६.१५

माझी फूटपट्टी मोडली ते कबूल. आता तुमची मोडतो. 'झपाटलेला', १९९३. तात्या विंचूला मृत्युंजय मंत्र मिळतो. तात्या काही पुण्यवान नाही, अट्टल गुंड. बाबा चमत्काराला धमकावून मंत्र घेतला, म्हटला आणि बाहुल्यात शिरला. मंत्राने त्याची लायकी बघितली नाही. शब्द बरोबर म्हटले की काम फत्ते, कुणीही म्हणा. हे तर बटण दाबण्यासारखंच झालं. मग तो विज्ञानपट का?

आणि 'स्टार ट्रेक'मधलं ते माणसं विरघळवून दुसरीकडे उमटवणारं यंत्र? १९६६ साली मालिका सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून ती युक्ती काढली. पुढे अनिश्चिततेच्या तत्त्वाची (कणाची जागा आणि वेग एकाच वेळी अचूक कळत नाहीत) अडचण निघाली, तर लेखकांनी ती दूर करणाऱ्या एका भागाचं नाव संवादात टाकलं. तो भाग कसा चालतो असं विचारल्यावर मालिकेच्या तांत्रिक सल्लागाराने उत्तर दिलं की छान चालतो. मंत्र आणि हे, फरक काय?

टिळकवाडीकर | मंगळवार, रात्री ८.३०

निपाणीकर, जोरदार. आर्थर क्लार्कने १९७३ मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं: पुरेसं पुढे गेलेलं तंत्र आणि जादू यांत फरक ओळखता येत नाही. पण क्लार्क बोलतो ते बघणाऱ्याबद्दल. ओळखता येत नाही म्हणजे फरक नाही, असं नाही. 'स्टार ट्रेक'मधलं यंत्र बिघडतं, मग यानावरचा अभियंता झाकण उघडून आत हात घालतो. मालिकेतल्या किती गोष्टी त्या बिघाडावर उभ्या आहेत! तात्या विंचूचा मंत्र कुणी उघडून दुरुस्त करत नाही. पुढचा मंत्र शोधायला कुणी प्रयोगशाळा काढत नाही. मंत्र मिळतो, दिला जातो, गुरूकडून. यंत्र समजून घेता येतं, निदान पात्रांना तशी आशा असते.

भट्टीवाला | मंगळवार, रात्री ९.१०

बरोबर की. बिघाड ही मोठी खूण आहे. जादू बिघडली तर कुणाची तरी चूक असते, कुणाचा तरी कोप असतो. मशीन बिघडलं तर बेअरिंग गेलेलं असतं.

वडगावचा_बंड्या | मंगळवार, रात्री ९.४५

अवांतर. शक्तिमान १९९७ ला सुरू झाला तेव्हा मी चौथीत. रविवारी दुपारी आमच्या वडगावात विणकरांच्या मागांचा खटखटाटसुद्धा कमी वाटायचा, सगळी पोरं एकाच घरात. करंट गेला की बॅटरीवर चालणाऱ्या टीव्हीच्या घराकडे पळायचं. पुढच्या वर्षी 'कॅप्टन व्योम' आला, तो मला जास्त आवडायचा, पण गोल गोल फिरायला शक्तिमानच बरा. फिरता फिरता मी दळणाच्या डब्यावर पडलो, पाच किलो ज्वारीचं पीठ अंगणात. आईने उलथनं हातात घेतलं तेव्हा तमराज किलविष कोण ते कळलं.

धाग्यावर येतो. शक्तिमानला शक्ती येते योगसाधनेतून, पंचमहाभूतांतून. आणि त्याचा एक शत्रू डॉक्टर जैकाल प्रयोगशाळेत बसून उपद्व्याप करतो. मग एकाच मालिकेत एक बाजू अद्भुत आणि दुसरी विज्ञान झाली की नाही?

खानापूरची_सून | मंगळवार, रात्री १०.०५

झाली! आणि म्हणूनच ते दोन भाऊ रुसले असणार. दोघंही बरोबर होते.

सौंदत्तीवाट | बुधवार, सकाळी ६.५०

थोडं वेगळं लिहिते, रागावू नका. दोनच रकाने आहेत याचा मला त्रास होतो. 'संत तुकाराम' कुठे घालणार? प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. शेवटी विमान येतं आणि तुकोबा वैकुंठाला जातात. बुडवलेल्या वह्या इंद्रायणी परत देते. तुमच्या कसोटीप्रमाणे ते जग पूर्ण ऐकणारं आहे, म्हणजे 'अद्भुत' रकाना. पण माझी आजी, दरवर्षी पौर्णिमेला डोंगरावर यल्लम्माला चालत जाणारी, हा सिनेमा दूरदर्शनवर लागला की पदर डोक्यावर घेऊन बसायची. शेवटाला हात जोडायची. तिला कुणी म्हटलं असतं की आजी, हा कल्पित खेळ आहे, तर तिला ते समजलंच नसतं. तेच २०२२ च्या 'कांतारा'चं. किनारपट्टीवर 'दैव' या गावरक्षक देवतेला मानणाऱ्या माणसासमोर त्याला अद्भुतपट म्हणून बघा.

'हॅरी पॉटर' लिहिणारीलाही माहीत आहे आणि बघणाऱ्यालाही माहीत आहे की हे रचलेलं आहे. तो करार दोन्हीकडून असतो, म्हणून ते अद्भुत. जिथे बघणारा भक्त आहे तिथे हा करार झालेलाच नसतो. त्याला वेगळा रकाना द्या. आपल्याकडे शब्दही आहेत, पौराणिक, भक्तिपट, संतपट. इंग्रजीतले दोन डबे उचलून आपली सगळी भांडी त्यांत कोंबायची नाहीत.

टिळकवाडीकर | बुधवार, सकाळी ९.००

अक्का, हे या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आहे. आपला सिनेमाच मुळी १९१३ साली फाळक्यांच्या हरिश्चंद्रापासून सुरू झाला. पहिली कितीतरी वर्षं पडद्यावर देव अवतरत होते आणि लोक पडद्याला नमस्कार करत होते. 'अद्भुतपट' अशी वेगळी जात आपल्याला लागलीच नाही, कारण पुराण होतं. प्रभातही आपल्या शेजारी कोल्हापुरातच १९२९ साली उभी राहिली. तिथल्या प्रेक्षकाला विमान दाखवलं तर तो ते कसं उडतं असं विचारत नव्हता, कोणासाठी आलं असं विचारत होता.

घटप्रभा | बुधवार, सकाळी १०.३०

मग 'कल्की २८९८'चं काय करायचं? २०२४ चा. त्यात अश्वत्थामा जिवंत आहे, शापासकट, आणि शेजारी बुद्धी असलेली गाडी पळते, तिच्याशी नायक भांडतो. अर्धा पडदा ऐकतो, अर्धा बहिरा.

राजहंस | बुधवार, सकाळी ११.१५

त्यात मिसळ उघड तरी आहे. मला जास्त खटकतो '२.०' (२०१८). पक्षीप्रेमी म्हातारा मरतो, त्याचा आत्मा पक्ष्यांच्या आत्म्यांबरोबर मिळून मोबाइल उडवतो. ही सरळ पिशाच्चकथा आहे. पण शास्त्रज्ञ येऊन 'ऑरा' आणि सूक्ष्म फोटॉनची नावं घेतो. शब्द विज्ञानाचे आणि हाडं भुताची.

डॉ. जयंत नारळीकरांनी कथा लिहिताना नेमकं उलट केलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालं ते कथेला. परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नाही, ही प्रयोगातली शिस्त त्यांनी स्वतःला लावली. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी ती पुस्तकं पुन्हा काढली. जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्याच वाऱ्यातला माणूस, आणि तरी त्यांच्या तोडीचा एक मराठी विज्ञानपट आपल्याकडे नाही. २०१६ ला 'फुंतरू' आला, होलोग्रामची मुलगी घेऊन. धाडस केलं, त्याचं मोल मला वाटतं. त्यानंतर नाव घ्यावं असं काय आलं, आठवून सांगा.

वडगावचा_बंड्या | बुधवार, सकाळी ११.४०

पैसा कुठाय?

टिळकवाडीकर | बुधवार, दुपारी १२.१०

पैशाचं कारण मला अर्धंच पटतं. १९९१ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांनी तेलुगूत 'आदित्य ३६९' काढला. कालयंत्रात बसून माणसं थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात जातात आणि परत येताना २५०४ सालात अडकतात. हंपी इथून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहे, आपण सहली घेऊन जातो आणि दगडी रथापुढे फोटो काढतो. कालयंत्र तिकडे वळवायचं सुचलं ते मात्र तेलुगू माणसाला. आपल्याकडे हलशीची कदंबांची मंदिरं आहेत, राजहंसगड आहे. यंत्र साधं चालेल, विचार नवा हवा.

खानापूरची_सून | बुधवार, दुपारी १.००

जुन्या तेलुगू सिनेमाचा विषय निघालाच आहे तर १९५७ चा 'मायाबाजार'. कथा आपल्या ओळखीची, वत्सलाहरण. तिकडे वत्सलेला शशिरेखा म्हणतात. तिला एक पेटी भेट मिळते, प्रियदर्शिनी. झाकण उघडलं की चौकटीत दूरचं माणूस हलताना दिसतं. शशिरेखा आणि अभिमन्यू त्यातून एकमेकांना बघतात. माझ्या लेकीने ते बघून विचारलं, "आई, तेव्हा लॅपटॉप होता?"

मी म्हटलं नाही, आणि मग नीट बघितलं. त्या पेटीत ज्याला जे प्रिय ते दिसतं. शशिरेखेला अभिमन्यू, तिच्या आईला दागिने. पेटी बघणाऱ्याच्या मनात डोकावते. आपला मोबाइल फक्त समोर कॅमेऱ्यात जे आहे तेवढं दाखवतो. दिसायला दोन्ही सारखे, स्वभाव वेगळे.

वडगावचा_बंड्या | बुधवार, दुपारी १.२५

वहिनी, मी काल फक्त मनात म्हटलं की गाडीला नवीन टायर घ्यावेत. आज मोबाइल उघडला तर टायरच टायर. बायकोच्या मोबाइलवर पैठण्या. आता सांगा पेटी वेगळी कशी?

राजहंस | बुधवार, दुपारी १.५०

बंड्या, मनात म्हटलं नसशील रे, कुठेतरी शोधलं असशील. पण तू नेमकी नस दाबलीस. बहिऱ्या जगाला माणसाने कान लावायला सुरुवात केली आहे. आणि हेच विज्ञानपटांचं आवडतं दुखणं आहे. १९६८ च्या '२००१'मधला संगणक हाल सगळं ऐकतो, ओठांची हालचालसुद्धा वाचतो, आणि दार उघडायला नकार देतो. 'रोबो'तल्या चिट्टीला भावना दिल्या आणि तो प्रेमात पडून हाताबाहेर गेला. म्हणजे सूनबाईंच्या कसोटीला एक जोड द्यायला हवी: जग ऐकत असेल, तर त्याला ऐकायला कोणी शिकवलं?

भट्टीवाला | बुधवार, रात्री ९.२०

आणि शिकवणाऱ्याला ते बंद करता येतंय का, हेही विचारा. आमच्या नवीन सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) लाल बटण आहे. ते दाबून मशीन थांबलं की मला झोप लागते.

अबोली | सोमवार, सकाळी ७.४०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रविवार झाला, काय घडलं ते सविस्तर सांगते.

सुरुवातीलाच त्या आठवीतल्या मुलीला म्हटलं, मागच्या वेळी मी तुला चुकीचं उत्तर दिलं, यान आणि घोड्यावर काही ठरत नाही. मग फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: "या गोष्टीतलं जग ऐकतं का?" आणि मामांच्या लॅडलची गोष्ट सांगितली. एका मुलाचे वडील उद्यमबागेतच आहेत, तो लगेच म्हणाला, "आमच्या पप्पांच्या पायाला पण खूण आहे."

'मिस्टर इंडिया' क्षणात विज्ञानात गेला. ते घड्याळ कुणीही घातलं तरी माणूस दिसेनासा होतो आणि लाल उजेडात दिसतो, घालणारा चांगला असो की वाईट. 'स्टार वॉर्स' अद्भुतात गेला, पण संगणक बंद करण्याचा प्रसंग मोबाइलवर पुन्हा बघितल्यावरच. शक्तिमानची चिठ्ठी त्या दोन भावांनी स्वतः मधोमध कापली आणि अर्धी अर्धी दोन्हीकडे लावली. 'कोई मिल गया'वर सहावीतला एक मुलगा म्हणाला की जादूला (त्यातल्या परग्रहवासीचं नाव) ऊन लागतं, ढग आले की तो थकतो, म्हणजे विज्ञान. त्यावर त्याची बहीण म्हणाली, "पण रोहितला शक्ती दिली ती तो चांगला होता म्हणून दिली. ऊन असं बघून पडत नाही." ती चिठ्ठी मधल्या रेघेवर आहे.

सौंदत्तीवाट अक्का, तुमचं ऐकून तिसरा रकाना आखला. नाव मुलांनी दिलं, 'आजी हात जोडते'. तिथे 'संत तुकाराम' आहे, 'कांतारा' आहे. एका छोटीने तिथे गणपतीचं कार्टूनही लावलं, काढू दिलं नाही.

मग 'मायाबाजार'चा पेटीचा भाग दाखवला. भाषा कुणाला कळली नाही, पण कुणी हललं नाही. आठवीतली ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "बाई, ती पेटी बिघडली तर कोण दुरुस्त करणार?" मी राजहंस यांचा प्रश्न सांगितला, मामांचं लाल बटणही सांगितलं. ती म्हणाली, "पेटीला बटण दिसत नाही. फक्त झाकण आहे."

पेटीची चिठ्ठी अजून कुठेच लावलेली नाही, ती तिच्या वहीत आहे. पुढच्या रविवारी ती ठरवून येणार आहे. टिळकवाडीकर काका, 'आदित्य ३६९'ची चांगली प्रत तुमच्याकडे असेल तर शनिवारपर्यंत पोचवाल का? आणि मामा, तुम्ही लॅडल कशी भाजता ते मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. सहा वाजता सुरू करतो, बसायला चटया आहेत.

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९.०५

रविवारी दुसरी शिफ्ट आहे, पण बदलून घेतो. वाळूचा एक साचा आणि थंड झालेली मळी आणतो, मुलांना हातात घेऊन बघू दे.